सेवंता सिस्टर उशिरा येत होत्या

मार्चच्या शेवटी नंदुरबारात ऊन असं पडतं, की दुपारी दोनला खिडकीची फळी लावून घ्यावी आणि पाच वाजेपर्यंत कुणाशी बोलू नये. मी तसंच करते. सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, ऐकायला थोडं कमी येतं, आणि खरं सांगायचं तर आता माणसांचंही थोडं ओझं होतं. आयुष्यभर लोकांची दुखणी ऐकली. आता कुणी "डॉक्टरबाई, जरा बघा ना" म्हणत दारात आलं की आतून आधी उसासा निघतो, मग मी चष्मा शोधते.

पण या दिवसांत झोप लागत नाही. पडून राहिलं की मन उठतं आणि अक्कलकुव्याच्या पुढे, मोलगीच्या वाटेला लागतं. तिकडे आता डोंगर करडे झाले असतील. सागाची पानं गळून उभे सांगाडे राहिले असतील, आणि मोहाच्या झाडांखाली लोकांनी पालापाचोळा जाळून जमीन झाडूनपुसून ठेवली असेल. फूल पडलं की दिसलं पाहिजे, म्हणून. लांबून पाहिलं तर प्रत्येक झाडाखाली एक काळं गोल अंगण.

मी लिहिणारी बाई नव्हे. आमचं घर मूळ राजस्थानातलं, अक्कलकुव्याला वडलांचं किराण्याचं दुकान. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी गुजराती नाहीतर अहिराणी, आणि शाळेत मराठी. लिहिण्याचं म्हणाल तर चाळीस वर्षं केसपेपर लिहिले, तेही कंपाउंडरशिवाय कुणाला वाचता आले नाहीत. तेव्हा वाक्य कुठे घसरलं तर सांभाळून घ्या. दुकानाचं मात्र मुद्दाम सांगितलं. आमच्या दुकानात मागच्या खोलीत वाळलेल्या मोहाची पोती असत. डोंगरातले लोक आणत, वडील घेत. मी त्या पोत्यांवर बसून अभ्यास केला. मोह म्हणजे काय, तर तपकिरी, सुरकुतलेला, मनुक्यासारखा माल, एवढंच मला ठाऊक. मोह झाडावरून पडताना पाहिला तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. तालुक्याच्या गावात जन्मलेल्या बाईची ही गोष्ट.

तर तो एक मोसम.

डोंगरातल्या एका दवाखान्यात मी होते. गावाचं नाव राहू द्या. आमच्याकडे एक वॉर्ड फक्त कुपोषित पोरांचा. दहा खाटा. आई आणि मूल चौदा दिवस राहायचं. दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं ठरावीक दूध पाजायचं, ताप बघायचा, रोज वजन. औषध थोडं, पाजणंच जास्त. चौदा दिवस पुरे केले की बहुतेक पोरं मार्गाला लागत. मधेच उठून गेली, तर पुढचं मी इथे लिहीत नाही.

त्या वॉर्डाच्या नर्स सेवंता सिस्टर. नवापूरकडच्या, खांडबाऱ्याजवळच्या. घरची बोली कोकणी, म्हणजे तिकडच्या कोकणा आदिवासींची, पण डोंगरातली भिली-पावरी त्यांनी नोकरीत शिकून घेतली होती. ठेंगण्या, सावळ्या, चालणं जरा झुकून. त्यांचं बघण्यासारखं काय होतं सांगते. आमच्याकडे पोरांच्या गळ्यात, कमरेला दोरे, मणी, ताईत असतात. वजन बरोबर यावं म्हणून बाकीच्या सिस्टर सरळ कात्री लावायच्या. नियमच होता तसा. सेवंता सिस्टर दोऱ्याला हात लावत नसत. त्यांनी बाजारातून तसेच मणी, तसेच दोरे आणून ठेवले होते. मूल दोऱ्यासकट काट्यावर ठेवायचं, मग बाजूला तेवढेच मणी तोलायचे आणि वजा करायचे.

मी म्हटलं, "सिस्टर, कात्रीनं दोन मिनिटांत होतं."

"होतं ना मॅडम. मग ती आई दोन दिवस बोलत नाही आपल्याशी."

पलंगांचंही तसंच. बायकांना खाटेची भीती. मूल पडेल म्हणून त्या रात्रभर बसून राहायच्या. सिस्टरनी गाद्या खाली काढल्या. वरून तपासणी आली की आम्ही सगळे मिळून गाद्या खाटांवर चढवायचो, साहेब गेले की पुन्हा खाली. हे मीही करू लागायचे, तेव्हा मला फार मोठी बंडखोर झाल्यासारखं वाटायचं. गाद्या उचलायच्या लीलामावशी, आमच्या वॉर्डातल्या आया. मी फक्त "हळू, हळू" म्हणायचे.

त्या मार्चमध्ये ठुमली आली. विशीतली असेल. पाठीला बांधलेली मुलगी सव्वा वर्षाची, नाव जातरी. जत्रेच्या दिवसांत झाली म्हणून. पावलांवर सूज, केस तांबूस, आणि मुख्य म्हणजे ती रडत नव्हती. पोर रडत नाही, म्हणजे त्याच्यात रडण्याएवढीही ताकद उरलेली नाही. मी सिस्टरला सांगितलं, "हिला चौदा दिवस हलू द्यायचं नाही. आत्ता घरी गेली तर ही पोर राहणार नाही." सिस्टरनी ते ठुमलीला तिच्या भाषेत सांगितलं. माझ्यापेक्षा जास्त शब्दांत सांगितलं, आणि सांगताना हात पोरीच्या पावलावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी ठुमली उठून उभी. जाते म्हणाली.

"का?"

सिस्टर म्हणाल्या, "मोह गळायला लागला मॅडम."

"मग?"

"तिचं झाड आहे. पंधरा-वीस दिवस गळतं, पहाटेपासून. वेचायला कुणी नाही. नवरा गुजरातेत ऊसतोडीला आहे, अजून टोळी परतली नाही. सासू नाही."

मला बरं वाटलं. म्हटलं, एवढंच ना? मी ठुमलीकडे वळून म्हटलं, "अगं, माझ्या भावाच्या दुकानात पोत्यानं मोह पडलाय. तुला एक पोतं पाठवते. तू बस निवांत."

सिस्टरनी ते सांगितल्यावर वॉर्डातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ठुमली काहीतरी बोलली, त्यावर आणखी हसल्या.

"काय म्हणाली?"

"काही नाही मॅडम."

"सांगा हो."

"म्हणते, ही डॉक्टरीण झाडालापण दुकान समजते."

मग सिस्टरनी मला समजावलं. झाड जंगलात असलं तरी कुणाचं कोणतं ते ठरलेलं असतं, बापजाद्यांपासून. वाटणीत हे ठुमलीच्या नवऱ्याकडे आलेलं. मोठ्या दिराचा डोळा त्यावर. एक मोसम त्या झाडाखाली हिच्या घरचं कुणी उभं राहिलं नाही, की तो वेचणार. आणि एकदा त्यानं वेचलं, की पुढच्या वर्षी पंचांपुढे कोण कुणाचं ऐकतंय. "तिला फुलं नकोत मॅडम. तिला झाडाखाली कुणीतरी उभं राहायला पाहिजे."

मला त्या दिवशी ओपीडीत सत्तर-ऐंशी पेशंट होते. माझा आवाज चढला. "सिस्टर, हे हॉस्पिटल आहे, पंचायत नाही. तिला सांगा, झाड पाहिजे की पोरगी!"

हे वाक्य सिस्टरनी भाषांतर करून सांगितलं नाही. मला तेव्हा ते कळलं, आणि रागही आला.

पण ठुमली थांबली. दुसऱ्या दिवशीही होती, तिसऱ्याही. मी मनात म्हटलं, बघा, थोडं कडक बोलावं लागतं.

आता या वयात सांगते, कडक बोलून मी कुणाला थांबवल्याचं मला एकही उदाहरण आठवत नाही. तेव्हा पुष्कळ आठवत असत.

त्याच आठवड्यात सेवंता सिस्टर उशिरा यायला लागल्या. आठची ड्यूटी, यायच्या पावणेनऊला. वीस वर्षांच्या नोकरीत ज्या बाईला हजेरीपटावर लाल शेरा नाही, ती रोज पाऊण तास उशिरा. धापा टाकत यायच्या, मागच्या खोलीत साडी बदलून पांढरा गणवेश चढवायच्या. डोळे लाल. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान कलंडायची. आणि अंगाला वास. गोडसर, आंबूस, जड. जवळ आल्या की यायचा. मोहाचा वास आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. पोत्यांचा मला माहीत होता आणि मोहाच्या दारूचा तर वर्षानुवर्षं पेशंटच्या तोंडून घेतलेला. हा त्या दुसऱ्याच्या जवळचा होता.

ठुमलीच्या सातव्या दिवशी मी सिस्टरना ऑफिसात बोलावलं. दार लावलं, एवढी सभ्यता पाळली.

"सिस्टर, काय चाललंय?"

"काही नाही मॅडम."

"रोज उशीर. डोळे बघा तुमचे." मग मी ते विचारलं. "तुम्ही घेता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण एखाद्या ओळखीच्या घरात शिरावं आणि घर भलतंच निघावं, तसं.

"नाही मॅडम."

मी मेमो लिहिला होता, पुढे केला. त्यात घेण्याबद्दल नव्हतं. 'वारंवार उशिरा येणे व वर्तन समाधानकारक नसणे' असं होतं. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, पेनाला टोपण लावून पेन मला परत दिलं. आणि पुढच्या दिवसापासून मी त्यांना रात्रपाळी लावली. माझा हिशेब असा, की रात्री वॉर्डात असल्या म्हणजे घरी बसून घेणार नाहीत, आणि सकाळी आठपर्यंत माझ्या नजरेखाली राहतील. फार डोकं चालवलं होतं मी.

रात्रपाळीच्या पहिल्याच पहाटे लीलामावशी माझ्या क्वार्टरचं दार बडवत होत्या. त्या तळोद्याकडच्या, बोलणं सगळं अहिराणी. "मॅडम, उठा! ती ठुमली बोचकं बांधी ऱ्हायनी!"

मी तशीच चपला घालून गेले. झुंजुमुंजू होत होतं. ठुमली व्हरांड्यात उभी, पोर पाठीला बांधलेली, हातात गाठोडं. सेवंता सिस्टर तिच्या शेजारी. अडवत नव्हत्या, नुसत्या उभ्या, एक हात पोरीच्या पाठीवर.

माझा तोल गेला. "सिस्टर! तुमच्यादेखत ती चाललीय आणि तुम्ही बघताय? नवव्या दिवशी? काय म्हणावं तुम्हाला!"

बोलल्या त्या लीलामावशी, माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून. आया डॉक्टरशी अशी बोलत नसते, पण ऑफिसातलं दाराआडचं बोलणं त्यांच्या कानावर गेलेलं होतं.

"मॅडम, तुम्हले काय वाटनं, ती पेस? ती पेत नही! रोज पाहटे त्या बाईना झाडखाले जाईसन मोह येचस. तिनी माले शप्पथ घाली व्हती, म्हनीसन मी गप. आनि तुम्ही तिले रातपाळी दिन्ही! आते झाडखाले कोन जाई? तुम्ही?"

ठुमलीला आमचं बोलणं कळत नव्हतं, पण पहाटे सिस्टर वॉर्डात दिसल्या, म्हणजे आज झाडाखाली कुणी नाही, एवढं तिला कळलं होतं. तेवढ्यावर ती निघाली होती.

सांगायला सोपं आहे की मला लाज वाटली. लाज नंतर वाटली. त्या क्षणी मला वाटलं ते एवढंच, की घड्याळात साडेपाच झालेत आणि पाड्याची वाट पाऊण तासाची आहे. मी सिस्टरच्या हातातली नोंदवही घेतली. "जा तुम्ही. वॉर्ड मी बघते."

त्यांनी क्षणभर पाहिलं, मग ठुमलीला दोन शब्द सांगितले. कोपऱ्यातली टोपली उचलली आणि गणवेशावरच निघाल्या. फाटकापर्यंत चालत, पुढे जवळजवळ पळत. ठुमलीनं त्या वळणाआड जाईपर्यंत पाहिलं, मग गाठोडं खाली ठेवलं.

पुढचे सगळे दिवस पहाटे साडेचारपासून आठपर्यंत तो वॉर्ड माझ्याकडे. आणि मी सांगते, डॉक्टर म्हणून मी त्या वॉर्डात रोज दोनदा जायचे, पण नर्स म्हणून तिथे साडेतीन तास काढले की अंगातलं पाणी पळतं. सहाचं दूध. एकेका पोराला वाटीभर पाजायला अर्धा तास. जातरी दूध तोंडात धरून ठेवायची. मी चमचा पुढे, आणखी एक चमचा पुढे. तिनं सगळं माझ्या अंगावर ओकलं. ठुमलीनं माझ्या हातून वाटी काढून घेतली आणि काहीतरी म्हणाली. त्यांच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च असतं. शेजारच्या बाईला थोडी मराठी येत होती, तिनं आनंदानं सांगितलं, "ती बोलते, तू घाईची आहे. सेवंता थांबते."

सेवंता थांबते. एका चमच्यानंतर ती काय करते, हे मग मी विचारून घेतलं. काहीच करत नाही. आईशी गप्पा मारते. पोर गिळतं, मग दुसरा.

साडेआठला सिस्टर यायच्या, टोपली लीलामावशींकडे वाळत घालायला द्यायच्या. मूठभर फुलं पळसाच्या पानात बांधून ठुमलीच्या पुढ्यात ठेवायच्या, तिच्या झाडाची आहेत हे तिला दिसावं म्हणून. मी तेव्हा ताजं मोहाचं फूल पहिल्यांदा हातात घेतलं. पिवळट, पांढरं, रसानं टरारलेलं, बोटांत धरलं तर हळूच फुटतं. वाळलेल्या पोत्यांवर बसून मी डॉक्टर झाले आणि हे मला माहीत नव्हतं. मग झाडाच्या बातम्या. आज वरच्या फांदीनं जास्त टाकलं. आज कुणाच्या शेळ्या घुसल्या. मोठा दीर काठी घेऊन आला होता, तेही त्यांनीच सांगितलं, दूध पाजता पाजता.

"मला म्हणतो, तू कोण? मी म्हटलं, ठुमलीची बहीण. म्हणतो, तिला बहीण नाही. म्हटलं, आता आहे."

"मग?" मी.

"मग काय, बसला थोडा वेळ बिडी ओढत. गेला. आज त्याची बायको आली होती आपल्या झाडाखाली. तिनं मला पाणी दिलं, वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं."

एकदा मी विचारलं, "मला आधीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नको म्हणाला असता मॅडम. आणि तुम्ही नको म्हटलं, की मला ऐकावं लागलं असतं."

करुणा, सेवा असले शब्द सत्काराच्या भाषणांत मी फार ऐकले, स्वतःही वापरले. त्या दिवसांत मला जवळून दिसली ती कंबर होती. रात्रभर वॉर्ड, पहाटे दोन तास वाकून वेचणं, परत येऊन अहवाल, घरी जाऊन चार घास, दोन तास झोप. खुर्चीतून उठताना त्या दोन्ही हात मांडीवर टेकून आधी थांबायच्या, मग उठायच्या. मी म्हटलं, "गोळी देऊ?" म्हणाल्या, "द्या." थकले म्हणायला त्यांना संकोच नव्हता. फक्त त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं काही बदलत नव्हतं. रात्रपाळी मी लगेच बदलायला हवी होती, नाही का? बदली नर्स नव्हती. आमच्याकडे नसतेच.

चौदाव्या दिवशी जातरीची सूज उतरलेली होती. काट्यावर ठेवली तर अशी किंचाळली, की दोन खोल्यांपलीकडचे पेशंट डोकावले. सेवंता सिस्टरनी मणी तोलले, वजा केले, आकडा मोठ्यानं वाचला. ठुमलीला आकडा कळला नसावा. ती पोरीचं रडणं ऐकत होती. दोन दिवसांनी टोळी परतली, नवरा झाडाखाली गेला, शेवटची गळती त्यानं वेचली. झाड त्यांचंच राहिलं. आता जातरी आश्रमशाळेत बारावीला आहे, असं लीलामावशींकडून कळलं.

मी मेमो रद्द केल्याचं पत्र काढलं. फाइलीत आधी मेमो, मागे पत्र. पण ऑफिसात दार लावून जे विचारलं होतं, त्याबद्दल मी तोंडानं कधी काही बोलले नाही. मनाशी धरून चालले, की एवढ्या मोठ्या मनाच्या बाईला असल्या गोष्टी लागत नाहीत. पुढे सात वर्षं आम्ही एकत्र काम केलं, एकमेकींचे डबे खाल्ले. मी निवृत्त झाले, मागून त्या झाल्या.

मागच्या महिन्यात इथल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुली आल्या, त्यांच्या अंकासाठी आदर्श परिचारिकेवर दोन पानं लिहा म्हणाल्या. मी बसले. पहिलंच वाक्य लिहिलं, 'सेवंता सिस्टर म्हणजे करुणेची मूर्ती.' वाचलं आणि खोडलं. मूर्तीला विचारलं नव्हतं ना मी ते. माणसाला विचारलं होतं. मग हे सगळं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर त्यांना खांडबाऱ्याला फोन केला. म्हटलं, तुमच्यावर लिहिलंय, छापू का?

"छापा की मॅडम. काय लिहिलंय?"

वाचून दाखवलं. मेमोचंही वाचलं.

"सिस्टर, तुम्हाला तेव्हा लागलं होतं का?"

ऐकायला कमी येतं, म्हणून मी फोन कानाशी दाबून धरला.

"लागलं होतं मॅडम. त्या दिवशी घरी गेले, मुलाजवळ जाण्याआधी अंघोळ केली. तो जवळ आला तरी त्याला लांब ठेवला दोन दिवस. वाटलं, वासानं त्यालापण तसंच वाटेल."

"चूक माझी होती," मी म्हटलं. सोळा-सतरा वर्षांनी.

मला वाटलं, त्या म्हणतील, असू द्या मॅडम, जुनं झालं. मी त्याची वाटही पाहिली, खोटं कशाला बोलू.

त्या म्हणाल्या, "हो."